जावेच्या घरात माझं माप

माझ्या जावेचं घर नवं झालं तेव्हा मी जळले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला शहाणी समजणार नाही. म्हातारपणी माणूस शांत होतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्या शेजारी म्हातारी राहत नसावी.

आमची घरं नागपूरच्या हिंगणा रोडवर, आतल्या एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत. प्लॉट एकच. दोन भावांनी मिळून घेतला आणि मधोमध एक भिंत घालून दोन घरं बांधली. माझा नवरा थोरला, तो हिंगण्याच्या कारखान्यात होता. धाकटा, माझा दीर, जवळच्या वाडी गावात ट्रान्सपोर्टच्या गोदामात. मिस्त्री एक, नकाशा एक, फक्त उलटा. माझं स्वयंपाकघर डावीकडं तर तिचं उजवीकडं. मागचं अंगण मात्र एकच राहिलं, कारण नळ एकच होता.

विटा कमी पडल्या म्हणून त्या मिस्त्रीनं दोन्ही घरांत ओटे बुटके केले होते. माझी उंची पावणेपाच फूट, मला ओटा बरोबर बसला. जाऊ उंच. ती वाकून स्वयंपाक करायची. ती वाकते हे मला दिसत असेलच, पण त्यावर मी कधी विचार केला नाही.

दोघं भाऊ आता नाहीत. इकडं मी, मुलगा आणि सून. तिकडं जाऊ एकटी, तिची मुलगी पुण्याला.

मी का जळले ते कळायला आधी माझ्या घराचं काय झालं ते सांगितलं पाहिजे. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलानं घर नवं करायला काढलं. त्यानं ठेकेदार आणला. ठेकेदार मोबाइलवर फोटो दाखवायचा आणि हे दोघं माना डोलवायचे. मला एकच प्रश्न विचारला गेला.

"आई, हॉलले कोणता रंग पायजे तुले?"

मी पिवळा सांगितला. राखाडी लागला.

वर पीओपीचं खोटं छत आलं, त्यात बारीक बारीक दिवे. छत एवढं खाली आलं की उन्हाळ्यात ते डोक्यावर टोपलीसारखं वाटायचं. मागच्या दाराशी माझी एक पायरी होती. सकाळचा चहा, दुपारचं लसूण सोलणं आणि नवऱ्याशी भांडण झालं की रुसणं, हे सगळं मी त्या पायरीवर केलं होतं. ती फोडून तिथून धुण्याच्या मशीनचा पाइप काढला. आणि ओटा केला तीन फुटांचा.

"आता हीच हाइट चालते आजी," ठेकेदार म्हणाला.

मी पाटावर उभी राहून पोळ्या करू लागले. एक दिवस पाट सरकला. हाड मोडलं नाही, कोपर खरचटलं. पण सुनेला निमित्त मिळालं. ती वाईट नाही, पण तिला निमित्तं लवकर सापडतात.

"आई, तुम्ही आता ओट्याशी येतच नका जाऊ. आरामात बसत जा."

बसू कुठं? हॉलमध्ये सोफा आहे. त्यात बसलं की मी बुडते आणि उठायला कुणाला तरी हाक मारावी लागते. घर फोटोसारखं झालं आणि त्यात मला ठेवायला जागा उरली नाही. तीन वर्षं मी गच्चीच्या जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसून चहा प्यायले. येणारेजाणारे मला ओलांडून वर कपडे वाळत घालायला जायचे.

अशात जावेच्या घराचा स्लॅब गळायला लागला. सळ्या दिसू लागल्या. तिच्या मुलीनं पुण्याहून फोनवर ठरवून एक आर्किटेक्ट पाठवली. आर्किटेक्ट म्हणजे मला वाटलं कुणी टाय लावलेला माणूस येईल. आली एक पंचवीस-तिशीची पोरगी, स्कूटीवर, तोंडाला दुपट्टा बांधून. खांद्यावर झोळी आणि हातात टेप. ती नागपूरचीच होती, पण बोलायची पुस्तकातल्यासारखं.

पहिल्या दिवशी तिनं काहीच केलं नाही. सकाळी आली, जावेच्या मागच्या पायरीवर बसली आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिली. मधेच उठायची, भिंतीवर खडूची रेघ मारायची, परत बसायची. मी माझ्या बाजूनं चार वेळा नळावर जाऊन आले. पाचव्या वेळी जावेला खुणेनं बोलावलं.

"काय करून राहिली वं ते पोट्टी?"

"ऊन पाहून राहिली म्हणते."

"ऊन? नागपुरात ऊन शोधा लागते काय?"

"कोणत्या भिंतीवर किती वाजता येते ते पाहते म्हणे, बाई."

"चाळीस वर्षं आपल्या टाळक्यावर येते. तिले म्हण, इकडं पाह्य."

जाऊ हसली. मी हसले नाही. माझ्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीचं ऊन कधी कुणी पाहिलं होतं? ठेकेदारानं तिकडं आरशाचं कपाट बसवलं. दुपारी चार वाजता त्या खोलीत डोळे उघडत नाहीत.

तिसऱ्या दिवशी ती पोरगी वही घेऊन आली. जावेनं मला अंगणातून हाक मारली. "जाऊबाई, या ना जरा. ते काहीबाही विचारून राहिली. मले सुचत नाही."

मी पदर नीट केला आणि गेले. हे लक्षात ठेवा की मला बोलावलं होतं. आपणहून गेले नव्हते. पुढं जे झालं त्यात एवढी एकच गोष्ट माझ्या बाजूची आहे.

पोरगीनं पहिला प्रश्न विचारला. "काकू, सकाळी उठल्यावर तुमचा दिवस कसा सुरू होतो? आधी कुठे जाता?"

जावेनं माझ्याकडं पाहिलं.

"न्हाणीत," मी म्हणाले. "आणखी कुठी?"

पोरगी हसली. "बरं. मग?"

"मंग चहा. साडेचारले. खिडकीपाशी उभं राहून. वळणावर कंपनीची बस दिसली की डब्याचं झाकण लावायचं. आता माणूस नाही, डबा नाही, पण डोळा साडेचारलेच उघडते."

ती लिहू लागली. खरं सांगायचं तर कंपनीची बस माझ्या नवऱ्याची. दीर दहा वाजता सायकलनं वाडीला जायचा आणि जाऊ सातच्या आधी कधी उठली नाही. पण जाऊ गप्प होती आणि पोरगी लिहीत होती. मी बोललेलं कुणी लिहून घेतंय हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. माझी शाळा चौथीपर्यंत. तिथंसुद्धा मीच लिहून घ्यायची.

मग मी थांबले नाही. दुपारी कुठं आडवं पडता? मी सांगितलं, स्वयंपाकघराच्या दारात, जमिनीवर, तिथं फरशी थंड असते. भांडी कुठं हाताला यावीत? मी हात वर करून दाखवलं, इथं, याच्या वर नको. पाहुण्या बायका कुठं बसतात? आत, चुलीपाशी, बाहेरच्या खोलीत कुणाला मोकळं बोलता येत नाही.

"आणि काकू, राग आला, भांडण झालं, तर कुठे जाऊन बसता?"

असं विचारणारा माणूस मला सत्तर वर्षांत भेटला नव्हता. तिचं वाक्य संपायच्या आत माझं उत्तर तयार होतं. "मागल्या पायरीवर. तोंड नळाकडं करून. पाठ घराकडं."

जाऊ तेवढ्यात चहा ठेवायला उठली. पोरगी म्हणाली, मागच्या अंगणात चूल दिसते, त्यावर काय करता? मी म्हणाले, लांब रोट्या. आमच्याकडं या रोट्या उपड्या मडक्यावर करतात, खाली लाकडं पेटवून. कणीक सैल भिजवायची आणि परातीत उचलून उचलून आपटायची. तिला तार सुटली की गोळा हातावर घेऊन रुमालासारखा लांबवायचा आणि मडक्यावर पसरायचा. लग्नामुंजीला आसपासच्या लोकांनी मला नेलंय रोट्यांसाठी. पोरगीला दाखवायला मी जावेच्या ओट्याशी उभी राहिले आणि नुसताच हात आपटून दाखवला. तिनं टेप काढली, जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंत मोजलं आणि वहीत आकडा लिहिला.

जाऊ कप घेऊन आली. पोरगीनं तिला विचारलं, "रोट्या घरात कोण करतं?"

"ह्याच करतात. यांच्या हातची रोटी पाहा, पलीकडचं दिसते."

"ओटा आहे तेवढाच ठेवू? उंच करू?"

"बुटकाच ठेव," मी म्हणाले. "उंच ओट्यानं बाईचा खांदा जाते. माझा गेला."

"काकू, तुम्हाला चालेल?" हे ती जावेला म्हणाली.

"जाऊबाई म्हणून राहिल्या तं बरोबरच असन," जाऊ म्हणाली.

दोन तासांनी मी घरी निघाले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. ते घर आपलं नाही हे मला आपल्या दाराशी आल्यावर, धुण्याच्या मशीनला गुडघा लागला तेव्हा आठवलं.

काम सात महिने चाललं. जाऊ मुलीकडं पुण्याला गेली. चावी माझ्याकडं ठेवली. मग काय, मी रोज तिथं. प्रत्येक वीट पाहिली. पश्चिमेला दोन भिंती घातल्या, मधे हातभर फट, म्हणजे ऊन बाहेरच्या भिंतीवर तापतं आणि आतली थंड राहते. कूलरसाठी भिंतीत बाहेरून कोनाडा केला. आमच्याकडं उन्हाळा आला की सगळ्या घरांच्या खिडक्या कूलर खाऊन टाकतात आणि चार महिने आपण अंधारात राहतो. तिच्या खिडक्या उघड्या राहणार होत्या. जुनी शहाबादी फरशी फेकली नाही, घासून परत लावली. माझी फरशी ठेकेदारानं ट्रकमध्ये भरून नेली होती, मुलानं तर हात जोडून त्याचे आभार मानले होते.

मी मिस्त्रीला सूचना द्यायची. एक दिवस तो वैतागला.

"आजी, हे घर तुमचं आहे का जी?"

"शेजारचं."

"तरीच. मालकाले एवढं दिसत नसते."

रात्री जेवताना मी मुलाला सांगायची, तिकडं असं झालं, तिकडं तसं झालं. तो म्हणायचा, "आई, आपला हॉल पाह्य ना, कसा हॉटेलवानी दिसते." मला हॉटेलात राहायचं नव्हतं.

मार्चमध्ये जावेचा गृहप्रवेश झाला. चाळीस माणसांच्या रोट्या माझ्याकडं होत्या. मी सकाळी तिच्या नव्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा काम करायला उभी राहिले आणि काय झालं ते कसं सांगू. परात ओट्यावर ठेवली आणि हात आपोआप खाली आला, बरोबर जिथं यायला पाहिजे तिथं. खांदा वर झाला नाही. मिठाच्या पाण्यासाठी न बघता हात वर केला तर फळी तिथंच. कणीक आपटता आपटता मान वळवली तर खिडकी, आणि खिडकीत रस्त्याचं वळण, जिथून बस यायची. मागं पायरी, पूर्वीपेक्षा रुंद, वर सावलीला पत्रा, तोंड नळाकडं. पायरीच्या बाजूला चूल, धूर घरात न येता वर जाईल अशी.

आलेल्या बायका म्हणत होत्या, "किती सोयीचं केलं वं!" जाऊ म्हणत होती, "हो ना जी." तिची मुलगी त्या आर्किटेक्टला मिठी मारत होती. मी मडक्यावर रोटी पसरत होते आणि माझ्या पोटात जे पेटलं होतं त्यापुढं चूल काहीच नव्हती. दुसऱ्याचं घर आपल्यापेक्षा चांगलं असलं तर माणूस जळतो, पण उपाय असतो, त्यात चुका काढायच्या. मला चूक काढता येईना. सगळं माझ्या मनासारखं होतं आणि चावीवर तिचं नाव होतं.

चावीवरून सांगते. ती मी परत केली नाही. जावेनं मागितली नाही आणि मी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी साडेचारला डोळा उघडला. आमच्या घरात सगळे झोपलेले. मी अंगणातून पलीकडं गेले, चावीनं मागचं दार उघडलं आणि तिच्या ओट्यावर माझा चहा ठेवला. खिडकीपाशी उभी राहून प्यायले. उजाडलं. चिमण्या आल्या. सात वाजता जाऊ उठून आली आणि मला पाहून दचकली.

"बाई, तुम्ही?"

"चहा ठेवला तुझ्यासाठी. गरम करून घे."

तिनं घेतला. मी रोज जायला लागले. महिनाभर. सकाळी चहा, मग तिची भाजी मीच चिरून द्यायची, दुपारी दाराशी आडवी पडायची, संध्याकाळी पायरीवर. जाऊ माझ्या आजूबाजूनं वावरायची, पाय वाचवत, जशी माझ्या जिन्यात माझी सून वावरायची. हे मी आता लिहितेय. तेव्हा मला वाटत होतं की मी तिला सोबत करतेय.

एप्रिलच्या शेवटी ती आर्किटेक्ट पोरगी आली. घर दिल्यावर पहिला उन्हाळा कसा जातो ते पाहायला ती येतेच म्हणे. मी पायरीवर होते. जाऊ ओट्याशी वांगी परतत होती. पोरगी दारात उभी राहिली, जावेकडं पाहिलं आणि तिचं हसू गेलं. जाऊ एक हात कमरेवर ठेवून वाकलेली होती, अशी की कढईची वाफ थेट तोंडावर यावी.

"काकू, सरळ उभ्या राहा बरं."

जाऊ सरळ झाली. ओटा तिच्या मांडीला लागत होता. पोरगीनं झोळीतून टेप काढली, जावेचं कोपर मोजलं, ओटा मोजला आणि जुनी वही काढून आकडा पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं. माझ्या उंचीकडं.

"टेप मी चुकीच्या बाईला लावली," ती म्हणाली. "माझीच चूक. काकू, ओटा पाच इंच उचलावा लागेल. तीन दिवसांचं काम आहे."

मी ताडकन उठले. त्या वयात जेवढं ताडकन उठता येतं तेवढं.

"नवाकोरा ओटा फोडते काय? डोकं फिरलं काय तुझं? चाळीस वर्षं तिनं बुटक्या ओट्यावरच केलं. सवय आहे तिले."

"सवय आहे," जाऊ म्हणाली.

"पाह्य, तीच म्हणून राहिली."

पोरगी माझ्याकडं वळली. आवाज चढवला नाही, पण मऊही नव्हता. "आजी, एक मिनिट. ह्यांना बोलू द्या." मागच्या वेळी मी काकू होते, आता आजी झाले. तिनं जावेला विचारलं, "काकू, तुम्ही सकाळी साडेचारला उठता?"

जाऊ पदराचं टोक पिळत राहिली.

"नाही? मग किती वाजता? तुम्हाला घरात कुठे बसायला आवडतं? त्या दिवशी जे मी लिहिलं, त्यात तुमचं काय आहे?"

"मले काय माहीत," जाऊ म्हणाली. "नवी होती तं ह्याईनं सांगतलं तसं केलं. सासू नव्हती, ह्याच होत्या. वेगळ्या झालो तरी तसंच करत राहिली. मले कोणी विचारलंच नाही तं मी काय सांगू?"

"मी विचारलं होतं काकू."

"हो. पण तुमी विचारलं तेव्हा ह्या बोलल्या."

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर मी भांडले असते. भांडणात मी कधी हरलेली नाही. पण ती रागावलेली नव्हती. पाणी सात वाजता येतं असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं.

मी तिथं उभी राहिले आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. खरं म्हणजे मला म्हणायचं होतं की ओटा राहू दे, मला एवढी एकच जागा आहे. ते शब्द तोंडाशी आले होते. पण पोरगी जावेकडं बघत होती, वही उघडी होती आणि पान कोरं होतं. मला माहीत होतं की मी एक शब्द बोलले की ते पान पुन्हा माझं होणार.

"मी नळावर आहे," मी म्हणाले आणि अंगणात गेले. पाठ घराकडं, तोंड नळाकडं. बादली लावली, पण नळ बारीक सोडला. कान मात्र माझे अजून चांगले आहेत.

आत जाऊ बोलायला लागली, अडखळत, जशी शाळेत उभं केलेली पोर बोलते.

"ओटा उचला. कंबर लय दुखते. दुखतच होती."

"बरं."

"सातले उठते मी. त्या ओट्यापाशच्या खिडकीतून आतल्या बिछान्यापर्यंत, डोळ्यावर उजेड येते. पडदा लावाले लाज वाटे, ह्या उभ्या राहत तठी."

"बरं. आणखी?"

"दुपारी मले एकटीले बसाले जागा पायजे. जिथून जाऊबाईचं घर दिसत नाही."

बादली भरून वाहत होती. मी नळ बंद केला नाही, कारण बंद केला असता तर मी ऐकतेय हे तिला कळलं असतं.

"अन् चावी एकच राहू द्या असं तुमीच म्हणा त्याईले," जाऊ म्हणाली, अगदी हळू. "मी नाही म्हणू शकत."

मी कमरेची चावी सोडली. घरात गेले नाही. रुंद पायरीवर ती ठेवली, वर कुंडीतला एक खडा ठेवला म्हणजे चिमण्यांनी हलवायला नको, आणि बादली उचलून आपल्या दारानं आत गेले. मशीनला गुडघा लागला.

तीन दिवस तिकडं हातोडा चालला. मी जिन्यात बसून ऐकला. ओट्याचा काळा कडप्पा काढताना त्याचे दोन तुकडे झाले, म्हणून नवा आणला. तिसऱ्या दिवशी मिस्त्री तुकडे बाहेर टाकत होता. मी त्याला थांबवलं.

"मोठा तुकडा माझ्या बाजूले आण. अठी, मशीनच्या बाहेर, भिंतीले लावून. खाली विटा रच."

"किती उंच?"

"मोज," मी म्हणाले आणि त्याच्यासमोर कोपर वाकवून उभी राहिले.

संध्याकाळी मुलगा आला. "आई, हे काय केलं? मशीनचं दार उघडन नाही पुरं."

"मंग मशीन सरकव."

"पाइपलाइन आहे तठी! आधी काहून नाही सांगतलं, घर करताना?"

"तू विचारलं काय?"

"विचारलं ना! रंग विचारला होता."

"पिवळा सांगतला होता."

घर माझ्या नावावर आहे ही गोष्ट मी बोलले नाही, पण त्याला ती माहीत आहे. मशीन सरकली. मिस्त्रीनं उरलेल्या विटांची एक पायरीही घालून दिली, अरुंद आहे, पण माझ्यापुरती आहे. आता उन्हातान्हाचं मी बाहेरच कणीक मळते. सून दारातून म्हणते, आई, आत या, ऊन लागेल. मी जात नाही.

जावेच्या घरी त्या पोरगीनं पलीकडच्या बाजूला, जिथं पूर्वी टाकीची बोळ होती तिथं, एक बैठक केली आणि माझ्या बाजूनं लाकडाची जाळी लावली. दुपारी दोन ते चार जाऊ तिथं असते. जाळीतून फक्त तिच्या पातळाचा रंग दिसतो. चार वाजता ती बाहेर येते तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा असतो. मला ते पाहवत नाही.

परवा मी विचारलं, "काय करते वं तू तठी दोन तास?"

"काही नाही, बाई."

"दोन तास काही नाही?"

"हो." आणि हसली. माझ्याकडं पाहून नाही, आपली आपल्यातच.

माझ्या घरी कुणी मला दोन तास काही न करू देत नाही, आणि दिलं तरी मला येणार नाही. एवढं आयुष्य मी तिच्या पुढं होते, आणि आता ती माझ्याकडं नाही असं काहीतरी घेऊन त्या जाळीमागं बसते. दोन वाजले की मी परात कडप्प्यावर ठेवते आणि कणीक आपटायला घेते. रोटीला लागतं त्यापेक्षा जोरात आपटते, पलीकडं ऐकू जावं म्हणून.